टाळ, पखवाज आणि तबकडीची खाच

आमच्या अभंगांच्या अल्बमची रेकॉर्ड काढायचं ठरलं तेव्हा ऑनलाइनसाठी केलेला मास्टर, म्हणजे अंतिम फाइल, तयारच होता. कटिंग करणाऱ्या, म्हणजे तबकडीत खाच कापणाऱ्या, जर्मनीतल्या इंजिनिअरने तो ऐकला आणि कळवलं, लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) काढा आणि मिक्सपासून, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र करण्यापासून, पुन्हा बघा. रेकॉर्ड किती मोठ्याने वाजणार हे फाइल ठरवत नाही. ते ठरतं लेथवर (खाच कापणाऱ्या यंत्रावर), त्या बाजूची लांबी बघून. दाबून चपटी केलेली फाइल दिली की त्याला पातळी उतरवावी लागते. म्हणजे ठोसाही जातो आणि मोठेपणाही.

पहिला प्रश्न पखवाजाचा. कणीक लावलेल्या डाव्या तोंडाचा माइक मी मिक्समध्ये डावीकडे ठेवला होता, शाईचा उजवीकडे. हेडफोनवर फार छान वाटायचं. पण स्टिरिओ तबकडीत दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज सुईला आडवा हलवतो, आणि दोन बाजूंतला फरक तिला वर-खाली हलवतो. खर्जात असा फरक मोठा असला तर खाच इतकी उथळ होते की सुई उडते. म्हणून डावं तोंड मध्यभागी आणलं, एका माइकची फेज (लहरीची दिशा) उलटी करून कुठल्या जोडीत घुमारा भरतो ते ऐकलं, आणि 150 हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं, केलं. पखवाज लहान झाला नाही, उलट जमिनीवर बसला.

टाळांनी मात्र घाम काढला. कापताना आरआयएए (RIAA) वक्र लागतो, म्हणजे खर्ज आणि वरच्या आवाजाचा ठरलेला फेरफार: 1 किलोहर्ट्झच्या तुलनेत 10 किलोहर्ट्झचा आवाज जवळपास 14 डेसिबलने वाढवतात, 50 हर्ट्झचा 17ने दाबतात. वाजवताना फोनो प्रीअँप (रेकॉर्ड प्लेअरचा आवाज वाढवणारं साधन) हे उलटं करतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला काही कळत नाही. पण कापणाऱ्या हेडच्या कॉइल तापतात त्या याच वरच्या पट्टीत. टाळकऱ्यांचा ताफा म्हणजे सगळी ऊर्जा नेमकी तिथेच! सरसकट ईक्यू (ठरावीक पट्टीचा आवाज कमी-जास्त करणारं साधन) लावला तर टाळ पत्र्यासारखे वाजायला लागले. शेवटी फक्त ठोका पडतो त्या क्षणी 6 ते 10 किलोहर्ट्झ दाबणारा डायनॅमिक ईक्यू टाळांच्या ट्रॅकवरच लावला. ‘स’ आणि ‘च’ची सळसळ दाबणारा डी-एसरही तसाच, मुख्य गळ्यावर आणि कोरसवर वेगवेगळा. पूर्ण मिक्सवर लावला की शब्दाबरोबर टाळही दबतात.

मग गाण्यांचा क्रम. तबकडी एका गतीने फिरते, पण मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या एलपीवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम 21. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा, म्हणून आतल्या गाण्यांत वरचे सूर फाटतात. आणि आपलं भजन तर चढत जातं! चढता गजर आमच्या यादीत बाजू एकच्या शेवटी होता. आमच्या गायक बुवांना भीतभीतच विचारलं. ते म्हणाले, “रूपाचा अभंग आधी आणि भैरवी शेवटी, एवढं हलवू नका. गजर दुसऱ्या बाजूला पहिला घ्या. माणूस रेकॉर्ड उलटायला उठलेलाच असतो.” भैरवीत नुसती वीणा आणि गळा, त्यामुळे आतली जागा तिला पुरली. बाजू 20 मिनिटांच्या आत राहावी म्हणून एक गवळण फक्त ऑनलाइन ठेवली. बुवा त्यावर अजून नाराज आहेत.

फाइल पाठवणं किरकोळ काम: प्रत्येक बाजूची एकच 24 बिट वेव्ह फाइल, सॅम्पल रेट मूळ रेकॉर्डिंगचाच, मधल्या शांततेसकट, सोबत वेळांचा तक्ता.

टेस्ट प्रेसिंगच्या, म्हणजे मंजुरीआधी तपासायला दाबलेल्या, प्रती आल्यावर एकाच प्रतीवर भरवसा ठेवला नाही. टिकटिक एकाच प्रतीत असेल तर ती त्या प्रतीची. सगळ्यांत एकाच जागी असेल तर दोष स्टॅम्परमध्ये (तबकड्या दाबायच्या धातूच्या साच्यात) किंवा त्याच्याही आधी. तसं काही निघालं नाही. भैरवीतला एक ‘स’ तेवढा साध्या गोल टोकाच्या सुईवर किंचित खरखरतो, चांगल्या लंबगोल सुईवर नाही. तो तसाच ठेवून मंजुरी कळवली. आणखी दाबला असता तर बुवा बोबडे वाटले असते.