टीएसएच ७.८, एलडीएल १६४: आधी कुठला आकडा बघायचा?

पंचेचाळीशी उलटली की रक्ताच्या रिपोर्टवर दोन आकडे हमखास ठळक छापून येतात. माझ्या रिपोर्टवर टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं मेंदूतलं हार्मोन, थायरॉइड कमी पडलं की हे वाढतं) ७.८ होता आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६४, दोन्ही वाढलेले. थायरॉइड एका पानावर, लिपिड दुसऱ्या पानावर, मध्ये किडनीचं पान. त्यामुळे हे दोन वेगळे आजार आहेत असंच वाटतं. शेजारीपाजारी लगेच कोलेस्टेरॉलच्या गोळीचं नाव सांगून मोकळे होतात.

खरं तर आधी टीएसएचकडे बघायचं. रक्तातलं एलडीएल यकृत ओढून घेतं, आणि ते ओढून घेणारे रिसेप्टर थायरॉइडच्या हार्मोनवर चालतात. हार्मोन कमी पडलं की रिसेप्टर कमी होतात आणि एलडीएल रक्तातच राहतं. शिवाय थायरॉइड कमी असताना, त्यावर उपचार न करता स्टॅटिन, म्हणजे हीच कोलेस्टेरॉलची गोळी, चालू केलं तर स्नायू दुखण्याचा आणि स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. म्हणून स्टॅटिनच्या चिठ्ठीआधी टीएसएच झालेला हवा.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. टी४ म्हणजे थायरॉइडचं मुख्य हार्मोन. माझं घोडं अडलं ते फ्री टी४ च्या चाचणीवर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमच्याकडे तालुक्याच्या गावात बहुतेक ठिकाणी फक्त रक्त काढतात. नमुना पुढे रत्नागिरी, कोल्हापूर नाहीतर मुंबईला जातो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर स्पष्ट 'टीएसएच, फ्री टी४' लिहिलेलं. काउंटरवर उत्तर मिळालं, "ताई, थायरॉइड प्रोफाइल स्वस्त पडतं, त्यात टी४ आहेच." आहे, पण ते टोटल टी४. रक्तातल्या टी४ पैकी ९९ टक्क्यांहून जास्त प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि शरीराच्या कामाला येतं ते उरलेलं सुटं, म्हणजे फ्री टी४. इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असतील तर ही प्रथिनं वाढतात आणि टोटल टी४ फुगतं. पाळी जायच्या वयात कितीजणी अशा गोळ्यांवर असतात! त्यांचं फ्री टी४ खरोखर कमी असलं तरी टोटल टी४ नॉर्मल दिसू शकतं. ७.८ या टीएसएचचा अर्थ फ्री टी४ शिवाय लागतच नाही. फ्री टी४ कमी असेल तर थायरॉइड खरंच कमी पडतंय आणि थायरॉइडची गोळी लागणार. ते नॉर्मल असेल तर ही अलीकडची पायरी, सबक्लिनिकल, आणि तिथे विचार करायला वेळ असतो.

रिपोर्ट आल्यावर मी विचारलं, की त्याच रक्तावर फ्री टी४ करता येईल का? "नाही, परत द्यावं लागेल," एवढंच उत्तर, कारण काही नाही. हे उत्तर मुकाट्याने मान्य करू नका. तपासणी झाल्यावर उरलेलं सीरम बहुतेक मोठ्या लॅब काही दिवस थंड ठेवतात, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर त्याच नमुन्यावर जादा चाचणी करतात. केंद्रावर वाद घालत बसण्यापेक्षा पावतीवरचा बारकोड नंबर घेऊन थेट मुख्य लॅबला फोन करायचा, तोही रिपोर्ट आला त्याच दिवशी. चार-पाच दिवसांनी विचारलं तर नमुना फेकलेला असू शकतो.

यापेक्षा सोपा उपाय पैसे भरतानाच करायचा. पावतीवर 'एफटी४' अशी वेगळी ओळ आहे का ते बोट ठेवून बघा. 'अल्ट्रासेन्सिटिव्ह टीएसएच' असं भारदस्त नाव दिसलं तरी तो नुसता टीएसएचच. थायरॉइडचं दुसरं हार्मोन, टी३, मोजायची या प्रकारात फारशी गरज नसते. थायरॉइड कमी असताना टी३ सर्वांत शेवटी उतरतं, म्हणून ते नॉर्मल आहे या दिलाशाला काही अर्थ नाही. त्या पैशात अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीची चाचणी) करून घ्यावं, तेही एकदाच. ते वाढलेलं असेल तर शरीर स्वतःच थायरॉइडवर हल्ला करतंय, आणि पुढे टीएसएच आणखी वाढण्याची शक्यता जास्त. ही चाचणी दर वेळी करून काहीही हाती लागत नाही, पण पॅकेजवाले ती दर वेळी घालतात.

केंद्रावर आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही: टीएसएच दिवसभर सारखा नसतो. तो रात्री आणि पहाटे जास्त असतो, दुपारी उतरतो. सकाळी सातला ७.८ आणि दुसऱ्या लॅबमध्ये दुपारी ५.९ आला, तर औषधाशिवाय सुधारणा झाली असं समजू नका. तो फरक नुसता घड्याळाचा असू शकतो. लॅब एकच, वेळ एकच, तरच दोन रिपोर्टची तुलना करायची. पहिला रिपोर्ट वाढलेला आला तर लगेच पुढच्या आठवड्यात परत करू नका, दोन-तीन महिन्यांनी करा. टीएसएच १० च्या आत असेल तर बऱ्याच जणांचा आपोआप खाली आलेला असतो. पावसाळ्यात लेप्टो, डेंग्यू किंवा साधा ताप येऊन गेला असेल तर मधे निदान महिना-दीड महिना जाऊ द्या. आजारपणात टीएसएच हलतो आणि एलडीएल खोटं कमी दिसतं.

केसांच्या गोळ्यांचं राहिलंच. त्यात बायोटिन हे जीवनसत्त्व बऱ्याचदा ५ ते १० मिलिग्रॅम असतं, आणि काही लॅबच्या पद्धतीत त्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी४ खोटं जास्त येतं. रक्त देण्याआधी निदान दोन-तीन दिवस त्या बंद ठेवा.

दुसऱ्या वेळी माझं फ्री टी४ नॉर्मल, अँटी-टीपीओ वाढलेलं आणि टीएसएच तसाच सातच्या वर. टीएसएच सतत १० च्या वर असेल तर गोळी द्यावी याबद्दल फारसा वाद नाही. १० च्या खाली वय, त्रास, अँटी-टीपीओ, एलडीएल हे सगळं मिळून डॉक्टर ठरवतात. पंचाहत्तरीच्या आईचा ६.५ आणि लेकीचा ६.५ सारखा नव्हे. उतारवयात टीएसएच थोडा वर जातोच, तिथे घाईने गोळी देऊ नये. गोळी जास्त झाली तरी नुकसान असतं: टीएसएच पार तळाला गेला की हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो आणि पाळी गेलेल्या बायकांची हाडं ठिसूळ होतात.

थायरॉइडची गोळी सकाळी उठल्याबरोबर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि चहा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनंतर, नाहीतर थायरॉइडची गोळी पोटात नीट शोषली जात नाही आणि डोस मात्र वाढत जातो. एखाद्या दिवशी राहिली तर घाबरू नका. औषध निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो. याच कारणाने नव्या डोसचा परिणाम ६ ते ८ आठवड्यांनीच तपासायचा. तपासणीच्या दिवशी आधी रक्त द्यायचं, मग गोळी. आपल्याकडच्या दमट हवेत डबीचं झाकण घट्ट लावून ती चुलीपासून आणि मोरीपासून लांब ठेवा.

आता लिपिड. एलडीएल बऱ्याच लॅबमध्ये मोजलेलं नसतं, हिशोबाने काढलेलं असतं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा, ट्रायग्लिसराइडचा (रक्तातल्या चरबीचा) पाचवा भाग वजा. माझं २४८ वजा ४६ वजा ३८, म्हणजे १६४. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हा हिशोब चालत नाही, तेव्हा 'डायरेक्ट एलडीएल' मागा. ट्रायग्लिसराइड खाण्याबरोबर चढतं, म्हणून १० ते १२ तास उपाशी (पाणी चालतं), आदल्या रात्री दारू नाही, आणि गणपतीच्या किंवा लग्नाच्या जेवणावळींनंतर आठवडाभर थांबून. एकूण कोलेस्टेरॉलमधून नुसतं एचडीएल वजा केलं की नॉन-एचडीएल मिळतं, माझं २०२. या आकड्याला उपास लागत नाही, आणि ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्यांनी एलडीएलपेक्षा याच्याकडे जास्त लक्ष द्यावं.

इथे एक गैरसमज मोठा आहे. थायरॉइडची गोळी सुरू झाली की कोलेस्टेरॉल आपोआप जागेवर येईल, असं नाही. थायरॉइड खूपच कमी असेल तर एलडीएल चांगलं उतरतं, पण टीएसएच सात-आठ असताना फरक थोडाच पडतो. बाकीच्या एलडीएलचा वेगळा विचार करावाच लागतो, आणि तो रिपोर्टवरच्या छापील मर्यादेवरून नव्हे तर मधुमेह, रक्तदाब, तंबाखू आणि घरातल्यांचा हृदयविकार बघून. पाळी गेल्यावर एलडीएल वाढतंच, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला. १९० किंवा जास्त असेल तर मात्र थायरॉइड तपासून पुढे वाट बघत बसू नका. ते घराण्यातून आलेलं असू शकतं, भावंडांचं आणि मुलांचंही तपासा.

खाण्याबद्दल स्पष्टच सांगते. नारळात कोलेस्टेरॉल नसतं हे खरं, पण खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के संपृक्त चरबी असते आणि तीच एलडीएल वाढवते. 'थायरॉइडसाठी' रोज चमचाभर खोबरेल पिणाऱ्यांचा टीएसएच त्याने उतरत नाही. नारळाचं वाटप निम्म्यावर आणा, सोलकढी पातळ करा किंवा नुसत्या आगळाची करा. बांगडा, तारली खुशाल खा, फक्त तळण्याऐवजी तिखलं किंवा सार करा. ट्रायग्लिसराइड जास्त असेल तर भाताचा आणि घावनांचा आकडा कमी करायचा. थायरॉइड आहे म्हणून शिजवलेला कोबी सोडायची गरज नाही. समुद्रकाठच्या माणसाला थायरॉइड होत नाही हेही खोटं: मिठागरातल्या खड्या मिठात आयोडीन घातलेलं नसतं, आणि अँटी-टीपीओवाल्या थायरॉइडला जादा आयोडीनचा उपयोगही नाही. घरात साधं आयोडीनयुक्त मीठ पुरे.

स्टॅटिन सुरू झालं तर ४ ते १२ आठवड्यांत लिपिड परत करायचं. त्याच दिवशी टीएसएचही करून घेतला तर एकच सुई टोचते, एकच एसटीचा फेरा होतो. रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनने रक्त दिल्याची वेळ, किती तास उपाशी आणि त्या वेळचा गोळीचा डोस लिहून ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टर सगळ्यात आधी हेच विचारतात, आणि लॅबच्या छापील कागदावर ते पूर्ण लिहिलेलं नसतं.