येते, काकू

पुणे-इंदूर गाडी वसई, सुरत, बडोदा करत रात्र काढते आणि रतलाम आलं की मला आपोआप जाग येते. सहा वर्षं मी याच गाडीने घरी जातेय. या संक्रांतीला मात्र समोरच्या बर्थवर ओळखीचं माणूस झोपलेलं होतं. तीन वर्षांपासून तो माझ्या ऑफिसात आहे. पावसाळ्यात त्याने मला लग्नाचं विचारलं, तेव्हा मी म्हटलं होतं, आधी इंदूर बघ.

उत्तर टाळलं होतं ते दुसऱ्या एका माणसामुळे. आमच्या रामबागेतल्या गल्लीत, दोन घरं सोडून एक दातांचे डॉक्टर राहतात. माझ्याच वर्गातले, पण आता सगळी गल्ली त्यांना डॉक्टर म्हणते, म्हणून इथेही डॉक्टरच म्हणते. मला लूना चालवायला त्याने शिकवलं. मी पुण्याला निघाले त्या दिवशी तो स्टेशनवर आला होता आणि गाडी हलताना मी "येते" म्हणाले. आपण सगळेच म्हणतो तसं, "जाते" म्हणायचं नसतं म्हणून. त्याने तो शब्द जपून ठेवला. गेल्या दिवाळीत गच्चीवर म्हणाला, "क्लिनिकच्या वर दोन खोल्या काढतोय. आता ये म्हणजे झालं." मी तेव्हाही हो किंवा नाही म्हटलं नाही, आणि हे माझं चुकलं, दोघांच्याही बाबतीत चुकलं.

बाबांनी पाहुण्याचं नाव पहिल्याच चहाला "पुणेकर" ठेवलं. आईने वाफेवरचे पोहे, वर शेव, जिरावन मसाला आणि बाजूला गरम जिलेबी अशी बशी पुढे केली. पुणेकराने जिलेबी आधी बाजूला सारली, मग बाबांचं बघून पोह्यांबरोबर एक घास घेतला, आणि नंतर दुसरी मागून घेतली. आईचा जीव तिथेच भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली. २०१७ पासून शहराचा स्वच्छतेत पहिला नंबर येतोय, त्यामुळे ओल्यात सुकं गेलं तर आमच्याकडे आजीसुद्धा ओरडते. पुणेकर दोन्ही बादल्या घेऊन खाली उभा. समोरच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. शेजारचे काका म्हणाले, "भिया, ओला हिरव्यात!" आणि तो अगदी मनापासून "हो काका" म्हणाला.

त्याच संध्याकाळी आईचं हळदीकुंकू होतं. घरात पुरुषांचं काय काम, म्हणून आईने डॉक्टरला बोलावलं आणि पुणेकराला त्याच्या हवाली केलं. "याला सराफ्यातला रात्रीचा खाण्याचा बाजार दाखवून आण." माझ्या पोटात गोळा आला. ते दोघे एका स्कूटरवरून गेले आणि मी वाण वाटत बसले. आलेल्या प्रत्येक बाईने तिळगूळ तोंडात टाकून आपलं मत दिलं. "मुलगा एकदम बढिया आहे गं." "पण आपला डॉक्टर काय वाईट आहे?" आणि त्यांच्यामध्ये डॉक्टरची आई, माझ्या काकू, हातात वाणाची वाटी घेऊन गप्प बसलेल्या. मला लहानपणी हलव्याचे दागिने त्यांनीच घातले होते. त्यांच्या कपाळाला कुंकू लावताना माझा हात थरथरला.

दोघे परत आले रात्री एक वाजता, हसत. झालं होतं असं की गराडू, म्हणजे तळलेला मसालेदार कंद, खाऊन पुणेकराला लिंबाचं काही प्यावंसं वाटलं, म्हणून त्याने शिकंजी मागवली. इंदुरात शिकंजी म्हणजे आटवलेलं घट्ट दूध, केशर, सुकामेवा! त्याने लिंबू कुठाय म्हणून शोधलं आणि मग तो पेला संपवून दुसरा घेतला. डॉक्टर हे सांगताना डोळे पुसत होता. "चांगला आहे," तो मला हळूच म्हणाला. मला रात्रभर झोप नाही. दोघांचं जमू नये, म्हणजे निवडणं सोपं जाईल, असं मला कुठेतरी वाटत होतं हे तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही राजवाड्यावर गेलो. डॉक्टरला पेशंट होते, तो आला नाही. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, हे मी शाळेत पाठ केलेलं. पुणेकराने विचारलं, "लाकूड मग जळलं नाही कधी?" मी त्याला १९८४ ची आग सांगितली, पुढची बाजू तेवढी उभी राहिली आणि मागचं नंतर पुन्हा जुन्या पद्धतीने बांधलं ते सांगितलं. तिथून खान नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या स्मारकांपाशी गेलो. अंधार पडला तसे सराफ्यात. सोन्याच्या दुकानांची शटर खाली येतात आणि त्याच ओट्यांपुढे कढया लागतात. गर्दी असली की रात्री सोनं सुरक्षित राहतं म्हणून हा बाजार बसला, असं जुने लोक सांगतात. जोशींच्या दुकानात दहीवड्याचा द्रोण त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने हवेत उडून परत हातात आला, भुट्ट्याच्या किसावर लिंबू पिळलं गेलं. बारा वाजून गेले आणि माझ्या लक्षात आलं, की संध्याकाळपासून मी गर्दीत डॉक्टरला शोधलं नाही. सहा वर्षं मी सुट्टीला आले की डॉक्टरबरोबरच सराफ्यात यायचे. गराडूचा वास, जिरावनची चव, थंडीतला तो धूर, हे सगळं मला त्याच्यासकट आवडायचं, त्यामुळे त्यातलं किती त्याचं आणि किती इंदूरचं, हे मी कधी वेगळं करून पाहिलंच नव्हतं. त्या रात्री तो नव्हता, आणि सराफा तसाच गोड होता. आणि शेजारी उभा असलेला माणूस पुढच्या गाडीकडे बोट दाखवून विचारत होता, "हे काय असतं?" मला त्याला सगळं सांगायचं होतं. उद्याही, पुढच्या वर्षीही.

डॉक्टरला मी क्लिनिकमध्येच सांगितलं, शेवटचा पेशंट गेल्यावर. मी रडले. तो बराच वेळ हात धूत राहिला. मग म्हणाला, "शिकंजीचा दुसरा पेला घेतला ना त्याने, तेव्हाच वाटलं मला." थोड्या वेळाने म्हणाला, "दोन खोल्या भाड्याने देईन." मी त्याची माफी मागितली, दिवाळीच्या गप्प बसण्याची. तो "हं" म्हणाला. त्यापेक्षा जास्त मागायचा मला हक्क नव्हता.

निघायच्या दिवशी पिशवीत जिरावनची चार पाकिटं, लोणचं, आजीने दिलेले तिळाचे लाडू. पुणेकर बाबांबरोबर रिक्षात सामान ठेवत होता. मी एकटी काकूंच्या दारात गेले. त्यांना कळलं होतं. त्यांनी कुंकवाची कुयरी आणली, मला कुंकू लावलं, हातावर साखर ठेवली. मला शब्दच सुचेना, कारण निघताना म्हणायचा एकच शब्द मला येतो आणि तो मी याच घराला एकदा देऊन बसले होते.

"येते, काकू," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या खांद्यावरून रिक्षाकडे पाहिलं. पदराने माझं तोंड पुसलं.

"ये," त्या म्हणाल्या. "दोघं या."