ओकायामाच्या ताई आणि अर्धा-अर्धा तास: जपानीची आठ महिन्यांची नोंद

जपानातल्या ओकायामाच्या एका ताईंशी मी दर रविवारी तासभर फोनवर बोलतो: अर्धा वेळ त्या मला जपानी शिकवतात, अर्धा वेळ मी त्यांना मराठी. काल ३४वा रविवार झाला. आपल्याकडे सकाळचे साडेसात, तिकडे अकरा. मी चहा घेऊन बसतो, ताईंचं तोवर घर आवरून झालेलं असतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी पास होऊन वर्ष उलटलं तरी माझ्या तोंडून सलग वाक्य निघत नव्हतं. यात नवल नाही, जेएलपीटीत बोलायची परीक्षाच नसते. बरोबर गोल काळे केले की झालं. ताई ओकायामाच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षं पुण्यात राहिल्या. सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेल्या की त्यांना गावची कोराकुएन बाग आठवायची, आणि आठवणारच, पुण्याचं हे उद्यान तिच्याच धर्तीवर केलेलं आहे. मराठी शिकायचं कारण मात्र मंडईतलं. त्या हिंदीत भाव विचारायच्या, मावशी मराठीत उत्तर द्यायच्या, आजूबाजूचे हसायचे, आणि नेमकं काय गमतीचं होतं ते यांना कधी कळायचं नाही.

पहिले पाच रविवार वाया गेले म्हटलं तरी चालेल. अडलं की इंग्रजी, आणि अडायचं सारखंच. सहाव्या रविवारपासून मोबाइलवर गजर: २५ मिनिटं मराठी, २५ जपानी, उरलेली दहा मिनिटं वाटेल ते.

दुसरी अडचण जास्त चिवट निघाली. ताई चूक दाखवतच नाहीत. मी काहीही बरळलो तरी 'जोओझु देसु ने', छान बोलता हं. दोन महिने मी हवेत होतो. मग कळलं की माझ्या आत्याला मी इतके दिवस 'ओबाआसान' म्हणत होतो. 'ओबासान' म्हणजे आत्या-मावशी, 'बा' लांबवला की आजी. माझी आजी स्कूटरवरून दिवेघाट चढते याचं ताईंना केवढं कौतुक! आपण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घावरून भांडतो, पण बोलताना आपला 'आ' एकाच मापाचा. तो दुप्पट ताणल्याने नातं बदलतं हे कानाला पटतच नाही.

'चुका सांगा' असं तीनदा विनवून उपयोग झाला नाही. आता गुरुवारी मी लाइन या मेसेजच्या अ‍ॅपवर तीन वाक्यं बोलून पाठवतो आणि विचारतो, 'हेच तुम्ही कसं म्हणाल?' त्या तीच तीन वाक्यं त्यांच्या पद्धतीने बोलून परत पाठवतात. कोणी कोणाला चूक म्हणत नाही. मी दोन्ही लागोपाठ ऐकतो आणि कानशिलं गरम होतात.

आता १९वा रविवार, म्हणजे या नोंदीचं खरं कारण. तोवर मराठीचा अर्धा तास मी फी समजत होतो. ताईंनी विचारलं, मावशी पेरूची फोड पुढे करून 'खाऊन बघ' म्हणायच्या, म्हणजे खायचं की बघायचं? मी म्हणालो, खायचंच, पण कसं लागतं ते... पुढे अडलो. तेवढ्यात त्याच ओरडल्या, 'आ! ताबेते मिरु!' ताबेरु खाणं, मिरु बघणं. खाऊन बघणं. हा '-ते मिरु' मी परीक्षेसाठी इंग्रजी अर्थासकट घोकला होता, आणि तो जन्मापासून माझ्या तोंडात होता.

त्या दिवशी गजर दोघांनीही बंद केला. 'ओकु' म्हणजे ठेवणं, म्हणून 'शिते ओकु' हे 'करून ठेव'. 'मोत्ते कुरु' हे 'घेऊन ये'. 'ताबेते शिमात्ता' हे 'खाऊन टाकलं'. शिमाउ म्हणजे शब्दशः टाकणं नव्हे, आवरणं-संपवणं, पण 'टाकलं'मधला तो निकाल तसाच. आमची वही त्या तासाभरात जेवढी भरली तेवढी आधीच्या चार महिन्यांत भरली नव्हती. तेव्हापासून मराठीच्या तासालाही माझ्याकडे पेन असतं.

फार खूश होऊ नका, पुढच्याच आठवड्यात आपटलो. 'शिकवून देतो' अशा भरवशावर ताईंना 'ओशिएते आगेमासु' म्हणालो. वडीलधाऱ्या माणसाला असं म्हणणं म्हणजे उपकार केल्याचा आव आणणं. आपलं 'देणं' एकच. जपानीत मी दिलं तर आगेरु, मला कोणी दिलं तर कुरेरु. ताई क्षणभर गप्प झाल्या आणि मग 'आरिगातोओ' म्हणाल्या. ते आरिगातोओ अजून टोचतं.

गप्प राहण्यावरून आठवलं. सुरुवातीला त्या बोलताना मी लक्ष देऊन, तोंड मिटून ऐकायचो, आणि दर मिनिटाला त्या 'मोशिमोशि?' करायच्या. त्यांना वाटे फोन कटला. जपानीत ऐकणाऱ्याने सतत 'हाइ', 'ए', 'सोओ देसु का' म्हणत राहायचं असतं. आजी गोष्ट सांगताना 'हुंकार द्या रे' म्हणायची, तसंच. मी आता मराठीच 'हं, हं' करतो, ते चालतं.

सध्या दोन गोष्टी अडल्यात. ताई रंगात आल्या की ओकायामाची बोली सुरू होते. त्यांचं 'जाकेन' (म्हणून) मी क्लासमध्ये वापरलं आणि सर हसत सुटले. दुसरी गोष्ट त्यांची. काल फोन ठेवताना म्हणाल्या, 'आम्ही पुढच्या रविवारी बोलू.' कोणाशी, असं विचारणार होतो. जपानीत 'आम्ही'लाही वाताशिताची आणि 'आपण'लाही वाताशिताची, त्यामुळे इथे पेरूच्या फोडीसारखी फुकटची मदत नाही. पुढच्या रविवारची २५ मिनिटं त्यातच जाणार.