चिरा किती पाणी पितो?

डिचोलीत बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर माझं स्टेशनरीचं दुकान आहे. आसपासच्या शाळांत विज्ञान प्रदर्शन जवळ आलंय हे मला नोटीस लागायच्या आधी कळतं. पोस्टर कलरमधला लाल आणि पिवळा संपला की ज्वालामुखी. निळा गेला की जलचक्र. आइस्क्रीमच्या काड्या नि हिरवा क्रेप कागद मागितला की पावसाचं पाणी साठवणारं घर. पूर्वी हे सगळं थर्माकोलवर व्हायचं. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि मुलं सनबोर्डावर आली. ज्वालामुखी तोच राहिला.

त्याच्यावर माझा राग नाही, माझा दर हंगामाचा गल्ला त्याच्यावर भरतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, फेस वर येतो, लहान पोरं टाळ्या पिटतात. पण खऱ्या ज्वालामुखीत ना सोडा असतो ना व्हिनेगर. शिवाय फेस येणार हे करणाऱ्याला माहीत, बघणाऱ्याला माहीत, आणि बाईंना तर गेली वीस वर्षं माहीत. मग बघायचं काय?

गेल्या ऑगस्टमध्ये भाची दुकानात आली. आठवीत आहे. "मामा, विषय सांग ना. सोमवारी नाव द्यायचंय." मोबाइलवर तिने पन्नास विषयांची यादी काढली होती. मंगळावरची शेती, मातीशिवाय भाजी, स्मार्ट शहर. मी म्हटलं, भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सोलांचं पाणी कर; आंबटात लाल राहतं, सोडा घातला की रंग पालटतो. पुस्तकात त्यासाठी लाल कोबी सांगतात, आपल्याकडे घरोघरी सोलं असताना कोबी कशाला? तिने नाक मुरडलं. "रंग पालटला, मग पुढे काय?" प्रश्न बरोबर होता. मीच जरा ओशाळलो.

मग मी तिला विचारलं, घरात अशी कुठली गोष्ट आहे जी बघून तुला कंटाळा आलाय? उत्तर ताबडतोब आलं. तिच्या खोलीतली भिंत. जूनमध्ये खालून ओल चढायला लागते, जुलैत गुडघ्यापर्यंत येते, रंगाला फोड येतात. भावोजी दर चवथीला ती भिंत रंगवतात आणि पुढच्या पावसात ती पुन्हा सोलून निघते.

घरी जाऊन तिने विषय लिहून आणला: 'गोव्यातील घरांमधील ओल : कारणे व उपाय'. हा वक्तृत्व स्पर्धेचा विषय झाला, मी म्हटलं. यात मोजणार काय? दुसऱ्या दिवशी 'चिऱ्याच्या भिंतीतील ओल' आलं; चिरा म्हणजे आपला जांभा दगड. थोडं बरं, पण अख्खी भिंत काट्यावर कशी चढवणार? तिसऱ्या दिवशी ती चिडूनच आली. "मग काय, एक चिरा घेऊन मोजू?"

हो, तेच.

आपण गोव्यातले लोक चिऱ्याच्या घरात जन्म काढतो, पण त्याच्याकडे कधी नीट बघत नाही. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर कडक ऊन. असं लाखो वर्षं चाललं की खडकातली वाळूसारखी सिलिका धुऊन जाते आणि लोखंडाची नि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरतात. म्हणून तो लाल, आणि म्हणून भोकाभोकांचा. जमिनीतून नुकता काढलेला मऊ असतो, वाऱ्यावर कडक होतो. फ्रान्सिस बुकॅनन या साहेबाने केरळात अंगडिपुरमला लोक तो विटेसारखा कापताना पाहिले आणि १८०७ मध्ये 'लॅटराइट' हे नाव छापलं; लॅटिनमध्ये 'लाटेर' म्हणजे वीट. जुन्या गोव्यातलं बॉम जिझस चर्च १६०५ मध्ये पूर्ण झालं, तेही चिऱ्याचंच. १९५० च्या दशकात त्याचा बाहेरचा चुन्याचा गिलावा उतरवला. आज पर्यटक त्या लाल भिंतींसमोर फोटो काढतात, पण उघडा चिरा पाऊस पितो, आणि गिलावा पुन्हा चढवावा की नाही यावर अजून वाद आहे.

हे सांगितल्यावर भाचीचा विषय आपोआप ठरला. तीन तुकडे: एक उघडा, एकाला चुन्याचा गिलावा, एकाला सिमेंटचा. कोण किती पाणी पितो आणि प्यायलेलं किती दिवसांत सोडतो?

तुकडे आधी तीन वेगवेगळ्या चिऱ्यांचे आणले होते. गवंडीमामांनी बघूनच मान हलवली. एक चिरा दुसऱ्यासारखा नसतो, भोकं कमीजास्त असतात. मग फरक गिलाव्याने पडला की चिऱ्याने, कसं सांगणार? त्यांनीच एका चिऱ्याचे तीन तुकडे करून दिले. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो, तेव्हा तीन आठवडे हात लावायचा नाही अशी ताकीदही दिली. काटा शेजारच्या भुसारी दुकानदाराचा. तो दुपारी दोन ते तीन मिळायचा, चिरा पिशवीत घालून ठेवायच्या अटीवर. पहिले चार दिवस भाची पिशवीचंही वजन धरत होती.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. भिजवण्याआधी कोरडं वजन हवं. सप्टेंबरात चिरा कोरडा करायचा कसा? चुलीशेजारी ठेवला, वजन उतरलं. दुसऱ्या दिवशी पाऊस झाला, वजन पुन्हा वाढलं. शेवटी ऑक्टोबरच्या उन्हात वजन दोन दिवस हललं नाही, तेव्हा तिने उघड्या तुकड्याचा आकडा लिहिला: १६४० ग्रॅम. चोवीस तास बादलीत ठेवल्यावर १८१०. म्हणजे १७० ग्रॅम पाणी, दहा टक्क्यांच्या थोडं वर. बांधकामाच्या चिऱ्यासाठी भारतीय मानकात बारा टक्क्यांची मर्यादा आहे. आपला चिरा पास, असं तिने तक्त्यावर ठळक लिहिलं. सिमेंटवाल्याने पहिल्या तासात सगळ्यांत कमी पाणी घेतलं. पण उघडा तुकडा पाच दिवसांत वाळला आणि सिमेंटवाला नवव्या दिवशीही जड होता. ते आकडे भावोजी दोनदा बघून गेले. त्यांच्या भिंतीला सिमेंटच आहे, वर ऑइल पेंट.

प्रदर्शनात पहिलं बक्षीस दिव्यांच्या स्मार्ट शहराला मिळालं. परीक्षकांनी हिला विचारलं, "मॉडेल कुठे आहे?" तिने चिरा दाखवला. ते हसले आणि पुढे गेले. घरी येऊन ती अर्धा तास रडली, हे लपवण्यात अर्थ नाही.

जानेवारीत माझ्या गॅलरीत तो उघडा तुकडा पडलेला तिला दिसला. तोवर कित्येक आठवडे पावसाचा थेंब नव्हता. उगाचच तिने तो काट्यावर ठेवला. १६१० ग्रॅम.

बराच वेळ ती बोलली नाही. मग दुकानातला कॅल्क्युलेटर मागून घेतला. १८१० वजा १६१०, दोनशे. भागिले १६१०. बारा पॉइंट चार.

"मामा, हा तर नापास," ती म्हणाली, आणि माझ्याकडून नवी वही घेऊन तक्ता पहिल्यापासून आखायला बसली. वहीचे पैसे अजून यायचे आहेत.