चित्र काढून गटार वाहतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. आम्ही वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन तिथल्या भिंतींवर चित्रं काढतो. वस्तीतल्या भिंतीला अजून प्रायमरही लागलेला नसतो, तेव्हाच कुणीतरी विचारतं. हल्ली शाल-श्रीफळ देऊन खाली बसवणारेही विचारतात: "चित्र काढून गटार वाहतं का हो?"

नाही वाहत. गटार उपसल्यावर वाहतं.

एवढ्यावर विचारणारा खूश होतो, म्हणून पुढचंही ऐका. ४० फूट लांब, १० फूट उंच भिंतीला बाहेरच्या भिंतीचा इमल्शन रंग दोन हातांना सात-आठ लिटर लागतो, जुना खडबडीत गिलावा असेल तर जास्त. परांची बांधण्यापासून शेवटच्या हातापर्यंत सहा दिवस. त्याआधीचे दोन महिने आम्ही वस्तीत "नुसते बसलेले" असतो. "कुठलं चित्र हवं?" हा प्रश्न त्या बसण्यात विचारायचा नाही. विचारलात तर 'झाडे लावा' मिळतं, नाहीतर "वारली काढा ना, सोपं असतं." (वारल्यांच्या लग्नात भिंतीवरचा चौक सवासिनी तांदळाच्या पिठाने लिहितात आणि त्यात पालघट ही सुफलतेची देवी असावीच लागते. सोपं म्हणे.) विचारायचं ते हे की या भिंतीशी किती वाजता कोण उभं राहतं, सायकल कोण टेकवतं, गोधड्या कुठे वाळतात. गल्लीचा नकाशा खाकी कागदावर कोळशाने काढायचा. पेनाने काढला की बायका "बरोबर आहे" म्हणून मोकळ्या होतात, कोळशाचा असला की पुसायला हात पुढे येतो. आणि बैठक सकाळी अकराची, पाणी भरून झाल्यावर. संध्याकाळी ठेवली तर पुरुषच बोलतात.

हे सगळं आम्ही नीट केलं होतं, तरी एक भिंत गेली.

भिंतीमागे गटार. दुसऱ्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "पावसाळ्यात हिला घाम फुटतो." काय वाक्य मिळालं असं वाटलं. भिंतीच्या पायथ्याशी निळे-पांढरे थेंब आले, वर हंडे, वर माणसं. थेंबांमध्ये मुलांच्या पंजांचे ठसे, कारण खालच्या तीन फुटांत मुलांचा हात सहज पोचतो. काम मे महिन्यात झालं. भिंत हाताला कोरडी ठणठणीत.

ऑगस्टमध्ये खालच्या तीन फुटांत रंग फुगला. अंगठ्याने दाबला की पापडासारखा मोडायचा, आत पांढरी भुकटी. लोणा. गटाराचं पाणी विटांतून वर चढतं आणि भिंतीच्या तोंडाशी येऊन वाळतं, क्षार मागे ठेवून. उघड्या विटेवर ते नुसते पांढरे दिसतात. आपण वरून इमल्शनचा पडदा चढवला की वाफेला वाट उरत नाही, क्षार पडद्यामागे गोठतात आणि त्याला ढकलून देतात. दीड बाय दीड फुटाचं प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बसवून चोवीस तास ठेवलं असतं, तर आतल्या बाजूला दव दिसलं असतं. खाली लावून बघायला हवं होतं, छातीच्या उंचीवर नाही. पुढची चूक म्हणजे आम्ही भिंत धुतली. पाण्याने क्षार विरघळून पुन्हा आत जातात, ते कोरड्या ब्रशनेच झाडायचे असतात. तिसरी चूक, परत प्रायमर मारला. खालची वाट अजून घट्ट बंद झाली आणि दुसऱ्या वर्षी लोणा साडेतीन फुटांवर.

एक मुलगा आपला पंजा शोधत होता. अंगठा होता, बोटं नव्हती.

मावशी एवढंच म्हणाल्या, "ताई, सांगितलं होतं की." त्यांची तक्रार मी उपमा म्हणून लिहून घेतली होती.

गटार माझ्या हातात नव्हतं, पैसे रंगापुरते होते, हे तेव्हाही म्हणाले आणि आजही खोटं नाही. पण "संवाद हेच आमचं काम" असं ठणकावून सांगणारी ती मीच. संवाद झाला होता, कानात गेला नव्हता. छत्तीसगडच्या बस्तरमध्ये कोंडागावला कलाकार नवज्योत अल्ताफ यांनी तिथल्या कलाकारांबरोबर 'नलपार' केले, म्हणजे हातपंपांभोवतीच्या जागा. भरलेलं भांडं मध्ये टेकवून मग उचलता येईल अशी सोय, सांडलेल्या पाण्याला वाट. तिथे चित्र आधी की गटार आधी, हा वाद घालायलाच जागा नाही. हे ठाऊक असूनही मी थेंब रंगवत बसले.

आता डागाच्या वर एक फूट सोडून, म्हणजे साडेचार फुटांपर्यंत, गिलावा विटेपर्यंत खरवडलाय. एकास तीन चुना-वाळू. सिमेंट नाही, ते पुन्हा वाट बंद करतं. वर दरसाल दिवाळीआधी चुन्याचा हात, वस्तीतलेच मारतात. निम्मं चित्र गेलं. खालचा पट्टा भकास दिसतो असं लोक म्हणतात, आणि दिसतोच. चुना कपड्यांना लागतो ही ओरड वेगळी.

त्या पट्ट्यावर ओल किती चढली याची पेन्सिलने खूण करून तारीख घालतात. त्याचा फोटो गटार उपसण्याच्या अर्जाला जोडला. गटार एकदा उपसलं, परत तुंबलं. गेल्या पावसाळ्यातली खूण ३ फूट २ इंचांवर आहे. गवंडी म्हणतो चुन्यामुळे उतरली, मावशी म्हणतात पाऊसच कमी झाला.