नैरोबीतला बोमा आणि आमचं खानापूर

लेक नैरोबीला जाऊन चार वर्षं झाली, दरवर्षी ये ये म्हणायची आणि दरवर्षी आमचं काहीतरी निघायचं, कधी ह्यांची शुगर, कधी घराची कौलं, शेवटी 2023 च्या डिसेंबरात जमलं एकदाचं. गोव्याला जाऊन पिवळ्या तापाची लस टोचून घेतली, बेळगावहून (आमचं खानापूर त्याच जिल्ह्यातलं) दोन किलो कुंदा घेतला, घरची शेंगाचटणी, आंब्याचं लोणचं, आणि लेकीनं फोनवर तीनदा बजावलं की आई, कॅरीबॅगेत काही बांधून आणू नको, इथं 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्या बंद आहेत. मग सगळं कापडी पिशव्यांत बांधलं आणि लोणच्याचं तेल झिरपून ह्यांचा एक पांढरा शर्ट कायमचा गेला. असूंदे.

नैरोबी बघून आलेले लोक सिंहाच्या गोष्टी सांगतात, शहराला लागूनच नॅशनल पार्क आहे ना. आम्हाला सिंह काय दिसला नाही, झेब्रे मात्र आपल्याकडं रस्त्यात म्हशी दिसतात तसे. मला खरं सांगायचंय ते त्या पार्कच्या जवळच लांगाटा भागात जे बोमास ऑफ केनिया आहे, जमातींची घरं आणि नाच दाखवणारं ठिकाण, त्याबद्दल. जावई म्हणाले, मम्मी, तुम्हाला ढोल-ताशे आवडतात ना, मग तिथं चला.

शनिवारी दुपारी निघालो तर ट्रॅफिक असा की आपलं बेळगावचं खडेबाजार परवडलं. ड्रायव्हर गप्पिष्ट होता, तो म्हणाला की केनियात बोमासचं नाव लहान पोराला पण माहीत आहे, पण ते नाचामुळं नाही, निवडणुकीमुळं! राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचे देशभरातले मतांचे आकडे तिथं आणून बेरीज करतात, 2022 साली निकाल जाहीर होताना तिथंच स्टेजवर ढकलाढकली झाली होती ती सगळ्या जगानं टीव्हीवर बघितली. म्हणजे नाचाची जागा ती मतमोजणीची पण.

बोमा म्हणजे स्वाहिलीत कुंपण घातलेली जागा, आपण वाडा म्हणतो ना तसं, गुरांचा पण वाडा आणि माणसांचा पण वाडा. सरकारनं 1971 साली हे सुरू केलं, देशातल्या वेगवेगळ्या जमातींची घरं एका मोठ्या आवारात जशी असायची तशी बांधून ठेवलीत. किकुयू, लुओ, कांबा, मसाई, कालेंजिन, किनाऱ्यावरचे मिजिकेंडा, प्रत्येकाचा वेगळा वाडा, बाहेर बोर्ड.

मी आपली मसाई वाड्यात शिरले आणि पहिलं काय केलं तर भिंतीला हात लावून वास घेतला. शेण! माती, गवत आणि शेण कालवून लिंपलेली भिंत, आणि गाईड मुलगी म्हणाली मसाईंची घरं बायका बांधतात, पुरुष नाही. मी म्हटलं आमच्याकडं पण सारवायचं काम बायकांचंच, फक्त घर नावावर नवऱ्याच्या. ती खळखळून हसली, म्हणजे तिथं पण तीच रड असणार. किकुयूंच्या घराजवळ धान्याची कणगी होती, आपल्यासारखीच विणलेली, फक्त खाली पाय लावून उचललेली. लुओंचा वाडा मात्र बघण्यासारखा. तीन बायका असल्या तर तीन घरं, थोरलीचं घर बरोब्बर फाटकासमोर, दुसरीचं उजव्या अंगाला, तिसरीचं डाव्या, आणि नवऱ्याची बसाउठायची छोटी झोपडी वेगळी. आमच्या ह्यांनी फक्त त्याच वाड्याचे अकरा फोटो काढले. का ते विचारू नका.

मग त्या गाईड मुलीनं विचारलं, तुमची ट्राइब कुठली? आता काय सांगणार. म्हटलं मी मराठी बोलते, राहते कर्नाटकात, शाळा मराठीत झाली, बाजारहाट कन्नडमध्ये करते, माझी आजी कोकणी बोलायची, आणि 1956 साली राज्यं पाडली तेव्हापासून आमचं गाव कुणाचं यावर भांडण चालूय, कोर्टात पण आहे. मला वाटलं ती कंटाळेल, तर ती म्हणाली म्हणजे आमच्या कुरियांसारखंच की! कुरिया लोक अर्धे केनियात अर्धे टांझानियात, मसाईंचं पण तेच. इंग्रज आणि जर्मन लोकांनी नकाशावर रेघ मारली, गाईंना काय रेघ कळत नाही, त्या चरत जातात तिकडं. मी ह्यांच्याकडं बघितलं, हे माझ्याकडं. पन्नास वर्षांत बेळगावचा प्रश्न इतक्या कमी वेळात कुणाला समजलेला मी बघितला नव्हता.

पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळायला लागला. प्रत्येकाचा वाडा वेगळा, त्यावर एक बोर्ड, इतकं स्वच्छ. आमचा वाडा बांधायचा म्हटला तर बोर्ड कुठल्या लिपीत? (बोर्ड मराठीत का कन्नडमध्ये यावरून आमच्याकडं काय काय होतं ते तुम्हाला माहितीय.) जावई म्हणाले मम्मी, 2017 साली इथल्या भारतीय वंशाच्या लोकांना केनियाची 44वी जमात म्हणून सरकारनं मान्यता दिलीय. मग त्यांचा वाडा कुठंय म्हटलं, तर कुठं दिसला नाही. बांधलाच तर काय बांधतील, एक दुकान आणि मागं स्वयंपाकघर! गंमत म्हणजे स्वाहिलीत दुकानाला डुकाच म्हणतात. गाडीला गारी, चहाला चाय, रंगाला रंगी, हिशोबाला हेसाबू, आणि कसं काय विचारायचं तर हबारी, म्हणजे आपली खबर. गोव्याकडचे लोक भेटले की कितें खबर विचारतात ना, मला तर घरीच आल्यासारखं वाटलं.

साडेतीनला नाच. मोठं गोल थिएटर, तीन-साडेतीन हजार माणसं मावतील एवढं, मध्ये खाली नाचायची जागा. पहिलं काय झालं मला नीट आठवत नाही कारण मी शेंगाचटणीचा डबा बॅगेत आडवा तर पडला नाही ना ते बघत होते, पण मग इसुकुटी सुरू झालं आणि मी सरळ बसले. पश्चिम केनियातल्या इसुखा आणि इडाखो लोकांचा हा नाच, तीन ढोल, मोठा, मधला आणि लहान, सोबत हरणाचं शिंग फुंकतात. 2014 साली युनेस्कोनं ह्याला तातडीनं जपायच्या यादीत घातलंय कारण वाजवणारे म्हातारे होत चाललेत. आणि हे कधी वाजवतात माहितीय का, बाळ झालं की, लग्नात, मयताला आणि कुस्तीला! कुस्ती म्हटल्यावर ह्यांनी माझा दंड धरला. आपल्याकडं आखाड्यात हलगी कडाडली की बसलेला पैलवान पण उठतो आणि तीच हलगी मयतापुढं पण जाते, तसंच अगदी. ढोल काखेत धरून वाजवत वाजवत नाचत होते आणि खांदे असे हलत होते की हाडं आहेत का नाहीत कळेना.

मसाईंच्याकडं तर ढोलच नाही. नुसता गळा. एक जण सूर लावतो, बाकीचे घशातून हुं हुं असा ठेका धरतात आणि एकेक जण मध्ये येऊन उभ्या उभ्या उड्या मारतो, गुडघे न वाकवता टाच जमिनीला न टेकवता. लोकांनी टाळ्या ह्यालाच जास्त वाजवल्या. मला मात्र आवडला तो न्यातिती वाजवणारा. लुओ लोकांचं आठ तारांचं वाद्य, बुटक्या स्टुलावर बसून वाजवतात आणि पायाच्या अंगठ्यात लोखंडी कडं घालून त्या कड्यानं वाद्याच्याच कडेवर ठेका मारतात. म्हणजे हातानं सूर आणि पायानं ताल, वर गाणं पण त्याचंच. सौंदत्तीच्या वाटेवर जोगतीण चौंडकं वाजवत गाते ना, त्याची आठवण आली. अंगठ्यातलं ते कडं बघून मी लेकीला म्हटलं, बघ की, जोडवी घालून वाजवूलालाय. लेक म्हणाली आई, हळू बोल.

त्याच्या आधी पण एकदा तिनं गप्प केलं होतं, ह्यांना. इसुकुटीच्या वेळी हे म्हणाले, तो मधला ढोलवाला डिट्टो आपला मामा दिसतोय. लेक लाजली, असं बोलू नये पप्पा. पण हे काही वाईट अर्थानं बोलले नव्हते, आमच्याकडं खरंच एक मामा आहेत, सिद्दी.

आमच्या भागाबाहेरच्या लोकांना सिद्दी म्हटलं की जंजिरा आठवतो. आमच्याकडचे सिद्दी वेगळे, खानापूरच्या जंगलपट्ट्यात आणि पलीकडं हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोल्याकडं राहणारे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेले लोक, त्यातले कितीतरी घाट चढून रानात पळून आले, तेव्हापासून इथलेच. घरात कोकणी-मराठी मिसळलेली भाषा, बाहेर कन्नड, देव म्हणाल तर हिंदू पण, मुसलमान पण, ख्रिश्चन पण. उत्तर कन्नडच्या सिद्दींना 2003 साली अनुसूचित जमातीत घेतलं आणि आमच्या बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना त्यासाठी 2020 उजाडावं लागलं, जिल्ह्याची हद्द बदलली की माणूस बदलतो जणू. त्याच साली शांताराम सिद्दी विधान परिषदेवर गेले, सिद्दींतले पहिले आमदार.

माझ्या वर्गात एक सिद्दी मुलगी होती. गॅदरिंगला दरवर्षी तिला पानं बांधून, तोंडाला पांढरे पट्टे ओढून जंगली नाचाला उभं करायचे. तिला भावगीत म्हणायचं असायचं आणि ती म्हणायची पण सुरेख, पण बाईंनी कधी नाव घेतलं नाही. मी पण त्या नाचात मागं उभी असायचे, मला काळं फासायचे. नैरोबीत त्या थिएटरात बसून हे आठवलं आणि पुढचे दोन नाच माझे असेच गेले.

जेवणावर मात्र मी सविस्तर बोलणार. न्यामा चोमा म्हणजे बकऱ्याचं मटण निखाऱ्यावर भाजलेलं, मीठ सोडून काही नाही, लाकडी पाटावर आणून समोरच तुकडे करतात. उगाली म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, उकडीसारखा, चिमटीत घेऊन अंगठ्यानं खड्डा करायचा आणि त्यात भाजी उचलायची. मी घाईत गरम गोळ्यात अंगठा खुपसला, फोड आला. भाजी सुकुमा विकी, हिरवा पाला कांदा-टोमॅटोत परतलेला, नावाचा अर्थ आठवडा ढकलणे! पगार होईपर्यंत ढकलायचा म्हणून. आपल्याकडं असं नाव कुणी ठेवलं असतं तर शेपूला ठेवलं असतं. सोबत काचुंबारी, म्हणजे कांदा-टोमॅटोची आपली कोशिंबीरच, नाव पण कचुंबरवरूनच. आणि चपाती, तेलाच्या घड्या घालून केलेली, जाड. ती तिकडं सणाची वस्तू, ख्रिसमसला घरोघरी चपात्या लाटतात. 1896 ते 1901 मध्ये इंग्रजांनी रेल्वे घालायला तीस हजारांवर मजूर हिंदुस्थानातून नेले, अडीच हजार तिथंच मेले, चपाती तिथं रुजली ती ह्या आपल्या लोकांमुळं. मटणाला तिखट नाही म्हणून मी शेंगाचटणी काढली. वेटरनं वाकून बघितलं, पिलीपिली? म्हटलं व्हय, पिलीपिली. त्यानं उगालीला लावून खाल्ली, डोळ्यात पाणी आलं त्याच्या, पण परत मागितली.

घरी आल्यावर महिनाभरानं मामा आले, मध घेऊन. येताना दरवेळी कुठल्या तरी घरची कवंदी दाखवायला आणतात, त्यांच्या बायकांनी जुन्या लुगड्यांची शिवलेली, आम्ही कौदी म्हणतो तीच पण रंग बघावेत त्यांच्या. मी चहा ठेवला आणि मोबाईलवर इसुकुटीचा व्हिडिओ लावून हातात दिला. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील, डोळे भरतील, काय की. त्यांच्याकडं पण दमाम म्हणून ढोल वाजवतात लग्नकार्यात, शिमग्याला, मला इतक्या वर्षांत एकदाही जाऊन ऐकायचं सुचलं नव्हतं हे पण तेव्हाच लक्षात आलं. मामांनी व्हिडिओ पूर्ण बघितला. मग मागं नेऊन परत बघितला, कानाजवळ धरून.

"मधला ढोल ढिला पडलाय ताई," म्हणाले. "जाळाजवळ धरायला पाहिजे होता. कुणी सांगितलं नाही काय त्यास्नी?"

मग तिकीट कितीला विचारलं, मी रुपयांत सांगितलं, ते हसले, बशीतला चहा संपवला, मधाचे पैसे मोजून घेतले आणि हल्याळची गाडी सुटेल म्हणून उठले. जाता जाता म्हणाले पुतण्याचं लग्न आहे मेमध्ये, या, पण रात्रभर जागायची तयारी ठेवून या, आणि ती शेंगाचटणी आणा.