रानकॉफीची वही : कॉफिया शारिएरियानाचं वर्णन झालं, चित्र अर्ध्यावर

मागच्या नोंदीत ठरवलं होतं की आता आफ्रिकेच्या पावसाळी जंगलातली एक जात घ्यायची आणि तिचं वर्णन पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत लिहायचं. पहिला खर्डा तयार आहे. निवडलेली जात म्हणजे कॉफिया शारिएरियाना, पश्चिम कॅमेरूनमधल्या बाकोसी राखीव जंगलातलं एक लहानसं झुडूप. २००८ साली स्टोफेलेन, न्वारो, कूतुरों आणि आंतोनी या चौघांनी लिनियन सोसायटीच्या वनस्पतिशास्त्रीय नियतकालिकात तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. नाव दिलंय ते फ्रान्सच्या आयआरडी (विकासासाठीच्या संशोधनाची सरकारी संस्था) इथे वर्षानुवर्षं कॉफीवर काम केलेल्या आंद्रे शारिये यांच्यावरून. तिच्या बियांत कॅफिन नाही. मध्य आफ्रिकेतून नोंदलेली अशी ही पहिलीच कॉफी, त्यामुळे त्या वर्षीच्या नव्या जातींमधल्या निवडक दहांच्या यादीतही ती झळकली.

मी ती निवडली ते मात्र दुसऱ्याच कारणासाठी. ही वनस्पती जंगलात कुणाला अचानक दिसली आणि लगेच जगाला कळली, असं घडलेलं नाही. फ्रान्सची तेव्हाची ऑर्स्तोम, म्हणजे आजचीच आयआरडी, १९८३ मध्ये रानटी कॉफी गोळा करायला कॅमेरूनमध्ये उतरली होती. अशा मोहिमांतून जमवलेल्या रानकॉफ्या आयव्हरी कोस्टमधल्या जिवंत संग्रहात लावल्या गेल्या. आपलं झुडूपही संशोधकांच्या हाती होतं, पण ‘बाकोसीची कॉफी’ एवढ्या कामचलाऊ ओळखीवर. फुलत होतं, फळत होतं, तरी विज्ञानाच्या दप्तरी त्याची नोंद नव्हती. रोप समोर असणं आणि जात सिद्ध होणं यांत किती काम असतं, ते मला या एका उदाहरणातून जेवढं उमगलं तेवढं दुसऱ्या कशातून उमगलं नाही. (२००२ मध्ये चीक आणि ब्रिडसन यांनी वर्णन केलेली कॉफिया बाकोसी ही वेगळी जात. जुने कागद चाळताना दोन्हींची सरमिसळ होऊ शकते, तेव्हा तुमच्या वहीत आत्ताच तशी खूण करून ठेवा.)

आता खर्ड्याबद्दल. नव्या जातीच्या वर्णनात दोन भाग असतात आणि आपण हौशी लोक सहसा पहिल्याच्या प्रेमात पडतो. पहिला भाग सविस्तर वर्णनाचा: उंची, फांदी, उपपर्ण (देठाच्या बुडाशी असणारं छोटं पानासारखं अंग), पान, शिरा, फूल, फळ, बी, सगळं क्रमाने आणि मापांसह. दुसरा भाग चार-पाच ओळींचा असतो. ही जात कुणाच्या जवळची आहे आणि तिच्याहून नेमकी कशात वेगळी आहे, एवढंच त्यात सांगायचं. जात उभी राहते ती या चार ओळींवर. सविस्तर वर्णन कितीही सुंदर असलं तरी ही तुलना कच्ची असेल, तर पुढचा अभ्यासक ते नाव सरळ जुन्या नावाच्या पोटात ढकलतो, आणि तसं करण्यात त्याचं काही चुकत नाही. २००८ मध्ये हा मजकूर लॅटिनमध्ये असणं बंधनकारक होतं. १ जानेवारी २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी, दोन्ही चालतात.

तुलना करायची तर एक कॉफी तरी हातात घेऊन, भिंगाखाली धरून बघितलेली हवी. त्यासाठी मला लांब जावं लागलं नाही. चिखलदऱ्याला कॉफीचे मळे आहेत, आणि परतवाड्याहून घाट चढला की गाठता येतात. तिथली कॉफी अरेबिका. मळेवाल्यांच्या परवानगीने काही डहाळ्या घेतल्या आणि घरी दिव्याखाली पसरल्या.

कॉफीच्या कुळाची, म्हणजे रुबिएसीची ओळख पटवणारी खूण फुलाआधीच फांदीवर सापडते. पानं समोरासमोर, आणि दोन देठांच्या मधल्या जागेत टोकदार त्रिकोणी उपपर्ण. आपल्याकडच्या पापटाच्या झुडपावर हीच खूण बघून घ्या, म्हणजे आफ्रिकेतल्या एखाद्या वाळलेल्या नमुन्याच्या फोटोवर नजर टाकताच कुळ ओळखू येईल. पान उलटं केलं की मधल्या शिरेला आडव्या शिरा जिथे मिळतात त्या कोनांत बारीक खळगे दिसतात. त्यांत अनेकदा माइट, म्हणजे जाळं विणणाऱ्या कोळ्यांचे सूक्ष्म भाऊबंद, राहतात. खळगे आहेत की नाहीत, त्यांच्या तोंडाशी लव आहे की नाही, ही लक्षणं या कुळात जाती वेगळ्या करताना फार उपयोगी पडतात. हे खळगे पाहण्यात माझा बराच वेळ गेला आणि तो सार्थकी लागला. दहापट भिंग पुरतं, मात्र उजेड बाजूने पडला पाहिजे. वरून पडला तर खळगा सपाटच दिसतो.

फुलाच्या बुडाशी बारीक पानांची एक वाटी असते. वाळलेल्या नमुन्यात ती संदलाला (फुलाच्या सगळ्यात बाहेरच्या आवरणाला) चिकटून बसते आणि संदलच वाटते. ताजं फूल उभं चिरलं की दोन्ही वेगळी दिसतात: खाली ही वाटी, वर अंडाशय, त्याच्या माथ्यावर संदलाची जेमतेम कड, आणि मग पांढरी नळी. परागकोश नळीच्या बाहेर आलेले असतात. परागकोश नळीतच दडलेले आणि कुक्षिवृंत (अंडाशयावरचा दांडा) आखूड, अशा जातींना आधी सिलँथस या वेगळ्या प्रजातीत, म्हणजे जातींच्या गटात, ठेवत. २०११ मध्ये त्या कॉफियात विलीन झाल्या, आणि त्यामुळे आपल्या देशात रानात उगवणाऱ्या कॉफिया बेंगालेन्सिस आणि कॉफिया ट्रॅव्हनकोरेन्सिस यांनाही कॉफिया हेच नाव मिळालं. कॉफियाच्या जातींची संख्या त्यानंतर १२४ वर गेली.

या अभ्यासानंतर शारिएरियानाकडे वळलो तेव्हा फरक एकेक करून मांडता आले. अरेबिका मोकळी सोडली तर डोक्यावरून जाते. ही जेमतेम एक ते दीड मीटर. हिच्या फांद्या बारीक, पानं लहान. अरेबिकाच्या एकेका पेरावर फुलांचे झुबके येतात. हिच्या पेरावर एखाद-दुसरंच फूल, पांढरं, पाच पाकळ्यांचं. शिवाय अरेबिका चव्वेचाळीस गुणसूत्रांची आणि आपल्याच परागाने फळ धरणारी, तर बाकीच्या कॉफ्या बावीस गुणसूत्रांच्या आणि बहुतेक सगळ्या परपरागावर अवलंबून. म्हणून अरेबिकाशी केलेली तुलना शिकण्यापुरती ठीक आहे, खऱ्या वर्णनात ती फार दूरची ठरते. तिथे कॅमेरूनमधल्याच शेजारणी घ्याव्या लागतात. कुपे पर्वताच्या नावाची, १९९७ मध्ये वर्णन झालेली कॉफिया मॉन्टेकुपेन्सिस आणि वर उल्लेख केलेली बाकोसी, या दोन्हींशी माझी तुलना अजून सुरू आहे. संग्रहांमधल्या स्कॅन केलेल्या नमुन्यांवर भिस्त आहे. बेल्जियममधल्या मैझे बागेचा आणि पॅरिसच्या संग्रहालयाचा साठा घरबसल्या पाहता येतो, आणि मोठं करून पाहिल्यावर उपपर्णाचं टोकसुद्धा स्पष्ट दिसतं. पानामागचे खळगे मात्र पान उलटं चिकटवलेलं असेल तरच दिसतात. म्हणून तुम्ही स्वतः नमुने दाबता तेव्हा निदान एक पान उलटं ठेवत जा, ही कळकळीची विनंती.

कॅफिनबद्दल थोडं. कॅफिन नसणं हे एकटं लक्षण जात ठरवायला पुरत नाही, हे सांगायलाच हवं. मादागास्करच्या रानकॉफ्यांमध्ये बहुतेक बिनकॅफिनच्याच आहेत, आणि २००४ मध्ये ब्राझीलच्या संग्रहात इथिओपियाहून आलेल्या अरेबिकातही जवळजवळ कॅफिन नसलेली झाडं सापडली. ती झाडं अरेबिकाच राहिली. बातम्यांनी शारिएरियानाची ओळख कॅफिनवरच उभी केली. माझ्या खर्ड्यात कॅफिन शेवटच्या परिच्छेदात आहे आणि ते तिथेच राहील.

संग्रहातल्या जिवंत रोपांमुळे या जातीच्या अभ्यासकांना एक मोठी सोय होती: फूल, कच्चं फळ, पिकलेलं फळ, बी, सगळं वेगवेगळ्या हंगामात पुन्हा पुन्हा पाहता येत होतं. जंगलात नमुना तोडणाऱ्याला त्या दिवशी झाडावर जे असेल तेवढंच मिळतं. कॅमेरूनच्याच कुपेआंथा या प्रजातीचं उदाहरण घ्या. हीदेखील कॉफीच्या गोतावळ्यातली झुडपं. त्यांतल्या तीन जातींना नावं होती, पण त्या आर्गोकॉफियोप्सिस आणि कॅलिकोसायफोनिया या दुसऱ्याच प्रजातींच्या फाइलींत होत्या. २०१८ मध्ये डीएनए आणि बाह्य लक्षणं एकत्र तपासून नवी प्रजाती उभी केली गेली. एबो जंगल आणि कुपे पर्वत यांच्या नावाच्या दोन नव्या जातीही तिच्यात आल्या, आणि पाचही जाती संकटात असल्याचं त्याच लेखात नोंदवलं गेलं. नाव नसलेल्या झुडपाला आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या) धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत सहसा जागा नसते. २०१९ च्या एका अभ्यासात १२४ पैकी ७५ रानकॉफ्या नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचं दिसलं. ही मोजणी जमली, कारण तोवर प्रत्येकीचं वर्णन कुणीतरी बसून लिहिलेलं होतं. या कामाला किचकट आणि जुनाट म्हणणाऱ्यांशी म्हणूनच मी वाद घालतो.

चित्राची प्रगती अशी: फांदी, उपपर्ण आणि पानाचा मागचा भाग शाईत झालाय. फुलाचा उभा छेद पेन्सिलीत आहे, कारण नळीच्या आतल्या लवेबद्दल मला अजून खात्री नाही आणि खात्रीशिवाय शाई लावायची नाही असं ठरवलंय. बी राहिलंय. पोटावरची खाच हे कॉफियाचं महत्त्वाचं लक्षण. ते नीट दाखवायला आडवा छेद काढावा लागेल.

तुमच्यापैकी कुणी कोकणात किंवा घाटमाथ्यावर पापटाची पिकलेली फळं गोळा करणार असेल, तर बियांचा आडवा छेद घेऊन मापपट्टीसह फोटो पाठवा. त्याच कुळातलं बी शेजारी काढलं की खाचेतला फरक चित्रात लगेच कळेल. कुपेआंथाच्या नोंदींना सुरुवात केली आहे, पण शारिएरियानाची शाई वाळल्याशिवाय त्या उघडणार नाही.